थंडीचा माल मागवू का?

४ फेब्रुवारी

टिचबटण,

आशीर्वाद. किती ते मोजत बसू नकोस, लागतील तेवढे घे.

परवा फोनवर तू काय म्हणालीस ते मला कळलं नाही. मी "हो, हो" म्हणत होतो तेव्हा माझा डावा कान नेहमीसारखा संपावर होता आणि उजव्या कानात तुझी मामी बोलत होती. तेव्हा आपलं पत्रच बरं. कागदाला ओरडावं लागत नाही.

इकडची बातमी अशी की चौकातल्या बंद पडलेल्या कापडगिरणीभोवती कोणीतरी उंचच उंच पत्रे ठोकलेत. आत काय चाललंय ते दिसत नाही, फक्त जमिनीत भोकं पाडल्याचा आवाज येतो. तो मलासुद्धा येतो, म्हणजे बघ. फाटकावरच्या पहारेकऱ्याला विचारलं तर म्हणाला, "मला पत्रे सांभाळायला सांगितलंय, आतलं नाही." नगरपालिकेत गेलो तर प्रस्ताव विचाराधीन आहे म्हणाले. कोणाचा प्रस्ताव, तर तेही विचाराधीन.

मग काय, अख्खा चौक कामधंदा सोडून अंदाज बांधतोय. सलूनवाला म्हणतो स्टेडियम होणार. दाताच्या डॉक्टरांना वाटतं मोठं रुग्णालय येणार आणि त्यांच्याकडे कुत्रं फिरकणार नाही. कोपऱ्यावरचा चावीवाला ठामपणे सांगतो की चाळीस मजली इमारत होणार, आणि प्रत्येक दाराला दोन चाव्या धरून तो मनातल्या मनात श्रीमंत झालाय. बेकरीवाल्या बाईंनी जुगारखाना होणार असं जाहीर केलंय आणि आत्तापासून मुलाला घरात कोंडून ठेवलंय. मुलगा बेचाळीस वर्षांचा आहे.

मी सगळ्यांबरोबर हसतो, पण आतून धाकधूक आहे. गिरणीच्या भिंतीला लागूनच आपली रांग. खाली बटणांचं दुकान, वर आम्ही दोघं. ते गेलं तर ह्या वयात हुक, चेन आणि बटणांचे ते सगळे ड्रॉवर घेऊन मी कुठे जाऊ? मला दुसरं काही येत नाही गं.

तू त्या मोठ्या शहरात इमारतींची मॉडेलं बनवतेस. तुमच्याकडे बड्या लोकांची ये-जा. कानावर काही आलं तर कळव. तुझे कान तरी चालू आहेत.

मामा

१५ फेब्रुवारी

मामा,

वाकून नमस्कार. खरोखर वाकूनच, कारण सकाळपासून टेबलावर ओणवी होते आणि आता सरळ होता येत नाही.

पत्र वाचून कारखान्यात एकटीच हसले. बेकरीवाल्या बाईंना सांग, मुलाला निदान हवा खायला बाहेर सोडा.

तुझ्या चौकाचं मला काही माहीत नाही. आम्ही इथे फक्त मॉडेलं बनवतो, कुठे काय होणार हे आम्हाला कोण सांगणार? सध्या एक मोठं काम आलंय. कशाचं ते सांगायला बंदी आहे, तशा कागदावर सह्या घेतल्यात. नकाशांवर शहराचं नावही नाही. मी झाडं करते. तारेला पीळ द्यायचा, त्यावर स्पंजाचा हिरवा भुगा चिकटवायचा, की झालं झाड. दिवसभरात एवढी झाडं लावते की आता बागेतल्या खऱ्या झाडाचा बुंधा बघितला तरी गोंद नीट लागलाय का ते तपासते. आत्तापर्यंत मी एकेकट्या इमारतींचीच मॉडेलं केली होती, एवढं अवाढव्य पहिल्यांदाच बघतेय.

तर मला काही माहीत नाही. उगाच त्या सलूनमध्ये बसून डोकं पिकवून घेऊ नकोस. मामीचा गुडघा कसा आहे? तू जेवणाच्या वेळा पाळतोस ना? मला खरंच काही माहीत नाही.

तुझी टिचबटण

२७ फेब्रुवारी

टिचबटण,

एका पत्रात "मला माहीत नाही" तीनदा लिहिलंस. तू पाच वर्षांची असताना साखरेचा डबा कोणी सांडला असं विचारलं होतं, तेव्हाही तीनदाच म्हणाली होतीस. हनुवटीला साखर तशीच होती.

मी विचारत नाही. सही केलीस तर ती पाळ. नोकरी मोलाची आहे, मी आपला चौकशा करत सुटलेला म्हातारा.

इकडे कळस झालाय. काल तीन पायांचं यंत्र घेऊन दोन माणसं आली आणि तासभर आपल्या पायरीकडे डोळा लावून बसली. मी बाहेर जाऊन विचारलं, "काही हवंय का?" तर एक म्हणाला, "नाही, तुम्ही जरा बाजूला व्हा." स्वतःच्या दुकानासमोरून! सलूनवाल्याने लगेच स्टेडियम सोडून दिलं, आता म्हणतो आपल्या रांगेतून रस्ता जाणार. मामी रोज सकाळी खिडकीतून पत्र्यांना दोन शिव्या देऊन मगच चहा ठेवते.

फक्त एक व्यवहाराची गोष्ट विचारतो, बाकी तुझं गुपित तुझ्यापाशी. कोटाची मोठी बटणं मला कितीतरी महिने आधी सांगून ठेवावी लागतात, तेव्हा कुठे ती पुढच्या थंडीला दुकानात येतात. मार्चअखेरपर्यंत कळवलं नाही तर माल मिळत नाही. मागवला आणि दुकानच राहिलं नाही, तर एवढी बटणं उशाला घेऊन झोपू का?

तेवढं सांग. थंडीचा माल मागवू का?

मामा

६ मार्च

मामा,

माल मागवू नकोस.

तीन दिवस हे एक वाक्य लिहायचं टाळत होते. आता लिहिलंच आहे तर सगळं सांगते, पण हे पत्र वाचून झालं की जाळ. मामीला सांग, आणखी कोणालाही नाही. सलूनमध्ये तर चकार शब्द काढू नकोस. माझी नोकरी जाईल.

ते मोठं काम तुझ्याच चौकाचं आहे. नकाशावर नाव नसलं म्हणून काय झालं? झाडं लावत लावत मी एका वळणावर आले आणि हात थांबला. शाळेतून येताना ह्याच वळणावर मी दप्तर फेकून पळत सुटायचे. पुढे नगरपालिकेचा घुमट, मग कमानींची ओळ, मग सलून. सगळं जागच्या जागी. गिरणीच्या ठिकाणी काहीतरी नवीन येतंय, त्याचे भाग दुसऱ्या खोलीत बनतात आणि तिथे आम्हाला जाऊ देत नाहीत.

आणि तुझी रांग जिथे हवी तिथे काहीच नाही, मामा. लाकडी फळीला सरळ चौकोनी भोक पाडलंय. आमच्याकडे जुन्या इमारती साध्या लाकडात करतात, नव्या चकचकीत, आणि ज्या पाडायच्या त्या करतच नाहीत. सलून आहे, बेकरी आहे. तू नाहीस. मी त्या भोकाकडे बघत राहिले आणि हातातलं झाड मोडलं.

कोणी बरी किंमत देत असेल तर दुकान देऊन टाक. उशीर केलास तर पडेल त्या भावात द्यावं लागेल. तुला हे सांगायची वेळ माझ्यावर आली ह्याचंच सगळ्यात वाईट वाटतंय.

तुझी टिचबटण

२० मार्च

टिचबटण,

पत्र जाळलं. मामीने स्वतः शेगडीवर धरलं आणि बोट भाजून घेतलं. काळजी नको, मलम लावलंय.

तू सांगितलंस ते बरंच केलंस. त्याबद्दल मनात काही ठेवू नकोस. पण तू मला गप्प राहायला सांगितलंस ना, तिथे घोटाळा झाला. मी सलूनमध्ये दाढीला गेलो. नेहमीप्रमाणे रस्ता की रुग्णालय हा वाद रंगला होता. मी काहीच बोललो नाही. सलूनवाल्याचा वस्तरा माझ्या गालावर अर्ध्यात थांबला. म्हणाला, "मामा, बरं नाही का?" मी म्हटलं, "बरं आहे." झालं! मी कधी दोन शब्दांत उत्तर दिलंय का? संध्याकाळपर्यंत चौकभर झालं की बटणमामाला आतली बातमी लागलीय आणि ती वाईट आहे. बोललो असतो तर कोणी विश्वास ठेवला नसता, गप्प बसलो तर सगळ्यांनी ठेवला.

त्याच आठवड्यात एक दलाल उगवला. उंच, सभ्य, अंगात राखाडी लांब कोट. चावीवाल्याने त्याला दुकान देऊनही टाकलं. मग तो माझ्याकडे आला. किंमत फार नाही, पण अगदीच टाकाऊही नाही. मी हो म्हणालो. मामी वर जाऊन खोके बांधायला लागली. काल ती बहिणीच्या गावाला भाड्याचं घर बघायला गेली. आठवडाभर तिकडेच राहील. दुकान फार शांत वाटतं.

सही अजून व्हायचीय. झालं असं की दलालाच्या कोटाचं मधलं बटण तुटलेलं. तुला आपला रिवाज माहीत आहे. तुझ्या आजोबांपासून चालत आलाय, गिऱ्हाईक आधी पूर्ण बटणांनिशी उभं राहिलं पाहिजे, बाकीचं बोलणं मागून. मी त्याचा कोट काढून घेतला. बटण शिंगाचं आहे, चार भोकांचं, कडेला बारीक नक्षी. आपल्याकडे नाही, मागवावं लागेल. तो हसला आणि म्हणाला, "ठीक आहे, कोट घालूनच सही करू." येत्या काही दिवसांत होईल.

मी बरा आहे. ड्रॉवर रिकामे करायला घेतले की कधीचं काय काय सापडतं. तुझा एक दुधाचा दातही सापडला. शिंपल्याच्या बटणांत पडला होता, आणि खरं सांगायचं तर तिथे शोभत होता.

मामा

२६ मार्च, तातडीच्या टपालाने

मामा!

सही करू नकोस! देवा, झालेली नसू दे.

दुकानात दोनदा फोन केला. पहिल्यांदा तू "हो, हो, गुडघा बरा आहे" म्हणून ठेवून दिलास. दुसऱ्यांदा म्हणालास, "चेन कुठल्या रंगाची हवी?" मी सगळ्या कारखान्यासमोर "सही नको" असं केवढ्याने ओरडले! तू म्हणालास, "पांढरी संपलीय." मामी तिकडे गावाला. सलूनवाल्याकडे निरोप ठेवावा तर तासाभरात चौकभर होईल आणि मग मला कोणी वाचवणार नाही. म्हणून हे पत्र, आणि ते वेळेत पोचावं म्हणून मी टपालाच्या खिडकीतल्या माणसाच्या अक्षरशः पाया पडले.

मी गाढव आहे. नीट वाच.

आज झाडं लावायला चौकाच्या मधोमध जायचं होतं. टेबल एवढं रुंद की कुठूनही हात पोचत नाही. मी काठी घेऊन धडपडत होते. आमचे मुख्य कारागीर, त्यांना आम्ही नुसतं 'मोठे' म्हणतो, ते मागून म्हणाले, "अगं, खालून जा की." मी म्हटलं, "कुठून खालून?" तर त्यांनी मला वाकवून टेबलाखाली घातलं आणि म्हणाले, "आता उठ." मी उठले ती त्या चौकोनी भोकातून वर! कमरेएवढ्या शहरात उभी. डावीकडे सलून, उजवीकडे बेकरी, समोर घुमट.

ते भोक कामासाठी आहे, मामा. एवढ्या मोठ्या मॉडेलला मध्ये उभं राहायला एक जागा उघडी ठेवावीच लागते. सगळं संपलं की त्यावर झाकण बसतं, आणि झाकणावर तिथली खरी इमारत. मी विचारलं, "मग हीच जागा का?" मोठे म्हणाले, "कारण इथे काहीही बदलायचं नाहीये. झाकणाची फट राहते ना, म्हणून ज्या कोपऱ्याकडे पाहुणे ढुंकून बघणार नाहीत तो निवडायचा." दोनदा विचारलं. नकाशा बघितला. तुझ्या रांगेची एक वीटसुद्धा हलत नाही. तुझ्या दुकानात ह्या बड्या लोकांना काडीचाही रस नाही!

एवढं चांगलं वाक्य मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मी त्या भोकातच, म्हणजे तुझ्या दुकानातच, उभी राहून रडले. मोठ्यांना वाटलं डोक्याला फळी लागली. त्यांनी पाणी आणून दिलं आणि ते झाकण करायचं काम मलाच दिलं.

माझं चुकलं. भोक दिसलं आणि मी धाडकन तुझं घर पाडून मोकळी झाले. आता एकच कर. काय झालंय ते उलट टपाली कळव. मला घास गिळवत नाही.

टिचबटण

३० मार्च

टिचबटण,

आधी जेव. सही झालेली नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा दलाल समोर स्टुलावर बसला होता. कागद गल्ल्यावर पसरलेले, पेन उघडं. आठवड्यात त्याची ही तिसरी फेरी, आणि त्या दिवशी काही तो हलायला तयार नव्हता. मी म्हटलं, थांबा, भाचीचं पत्र आहे, तातडीचं आहे. वाचलं. परत वाचलं. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. मी मटकन बटणांच्या शिडीवरच बसलो. दलाल घाबरला. म्हणाला, "काही वाईट बातमी?" मी म्हटलं, "नाही हो, फार चांगली. आमच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही."

मग मी आत गेलो, त्याच्या कोटाला बटण लावलं, दोऱ्याला तीन गाठी मारल्या आणि कोट त्याच्या अंगावर चढवला. म्हटलं, दुकान देत नाही. तो चिडला नाही. बटण लावून बघितलं, उघडून बघितलं, आणि मग हळूच विचारलं, "मामा, तुम्हाला नक्की काय कळलंय? खरं सांगा." मी म्हटलं, "तुम्हीच दलाल, तुम्हाला माहीत नाही?" तर तो काय म्हणाला असेल? त्याला पत्र्याआडचं ओ की ठो माहीत नव्हतं! तो आमच्या सलूनमध्ये केस कापायला बसला होता. तिथे ऐकलं की बटणमामा अचानक गप्प झालाय, म्हणजे इथे काहीतरी मोठं होणार आणि जागेला भाव येणार, तेवढ्यावर त्याने खरेदी सुरू केली. आणि तो खरेदी करतोय म्हटल्यावर चौकाची खात्री पटली. म्हणजे सगळं माझ्या एका दाढीवरून!

मी एवढा हसलो की बेकरीवाल्या बाई धावत आल्या. चावीवाल्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, तो खुशीत आहे. त्याला मुलीकडे जायचंच होतं, आता चांगले पैसे घेऊन चाललाय.

मामीला बहिणीच्या शेजाऱ्यांकडे फोन करून कळवलं. तिने काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही, पण ती पहिल्याच गाडीने परत आली. आता खोके सोडतेय आणि ते बांधल्याबद्दल मला बोलतेय. खोके तिनेच बांधले होते. मी ऐकून घेतो. ह्या वेळी दोन्ही कानांनी.

मी पुन्हा सलूनला जायला लागलोय. काही माहीत नसल्यासारखा भरपूर बोलतो. काल मी विमानतळाचा अंदाज दिला, कोणीही विश्वास ठेवला नाही. फार बरं वाटलं.

मामा

१२ मे

मामा,

मॉडेल आज गाडीत चढलं. परवा ते तुमच्या नगरपालिकेच्या सभागृहात सगळ्यांसाठी मांडणार आहेत. आता पत्रे निघतील आणि माझ्या तोंडाचं कुलूपही.

झाकण मी नको तेवढं नीट केलं. मोठे भिंग लावून बघत होते. म्हणाले, "ह्या दुकानाला पायरी कुठून आली? नकाशात तर नाही." मी म्हटलं, "असेल." त्यांनी माझ्याकडे बघितलं, भिंग खाली ठेवलं आणि म्हणाले, "चांगली आहे. राहू दे." त्यांना सगळं कळलं असं मला वाटतं. मी मान खाली घालून झाडं मोजत बसले.

जाऊन बघ. छपराकडे विशेष बघ.

तुझी टिचबटण

१६ मे

टिचबटण,

गेलो होतो. अख्खा चौक लोटला होता. गिरणीच्या जागी खाली बसगाड्यांचा तळ, वर घरं, मधे वाचनालय आणि बाग. एवढंच! सलूनवाला सगळ्यात हिरमुसला. म्हणाला, "ह्यासाठी एवढी लपवाछपवी?" मग बसमधून उतरणाऱ्या लोकांना केस असतात हे त्याच्या लक्षात आलं. बेकरीवाल्या बाईंनी मुलाला सोबत आणलं होतं. डॉक्टर तर बागेकडे बघून चक्क हसले, दात दाखवून.

आणि गंमत म्हणजे नवी इमारत कोणी बघतच नव्हतं. जो तो वाकून आपापलं दुकान शोधत होता. मीही शोधलं. तिरका कोपरा, पायरी, वरची खिडकी. आणि छपराच्या मधोमध झाकण उचलायला मूठ म्हणून बसवलेलं ते चिमुकलं टिचबटण! शेजारचे साहेब आपल्या बायकोला सांगत होते, ती पाण्याची टाकी आहे. मी म्हटलं, बरोबर आहे. माझ्या डोळ्यांतच एवढं पाणी होतं की टाकी म्हटलं तरी चाललं असतं.

तू तुझ्या हाताने माझं दुकान बांधलंस. आणखी काय लिहू? मामीला दोन ओळी लिहायच्या आहेत, तिला पेन देतो.

मामा

बाळा, हे चहा प्यायला गेलेत तेवढ्यात लिहिते. हे तुला कधी सांगायचे नाहीत. ते दलालाचं शिंगाचं बटण मागवावं लागलंच नव्हतं. पहिल्याच दिवशी तिसऱ्या ड्रॉवरमध्ये सापडलं होतं. मी गावाला निघाले तेव्हाही ह्यांच्या शर्टाच्या खिशात होतं, सारखा हात तिकडे जात होता. काल विचारलं तर म्हणाले, "हातात बटण असताना गिऱ्हाईकाला नाही म्हणायची वेळ आयुष्यात एकदाच आली गं. मला सहीच करवत नव्हती."

थंडीचा माल सांगितलाय. थोडा उशीर झाला, पण व्यापारी जुना आहे, देतो म्हणाला. खोके येतील तेव्हा तूही ये. माझ्या गुडघ्याला आता पायऱ्या जमत नाहीत.

मामी